नकाशा मिटायचा नाही

“गो वृंदा, बाबांचो ठिपको हालना नाय.”

आई ऑफिसच्या दारात उभी होती. एरवी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात ती पाऊल टाकत नसे. माझा डबा द्यायचा असला तरी खिडकीतून द्यायची. त्या दिवशी मात्र चपलांसकट आत आली आणि मोबाइल माझ्या नाकापुढे धरला.

“कधीपासून?”

“सकाळपासून थंयच. जाळी मारून बसले आसतीत म्हटलंय. पण शालनचो झील पण थंयच, येरागींची होडी पण थंयच. सगळे एकदम कशे थांबतले?”

बाबा, शालनकाकीचा मुलगा आणि येरागी, तिघंही वेगवेगळ्या होड्यांवर. आईचं बरोबर होतं. समुद्र खवळलेला असताना, सगळ्यांना माघारी फिरायचा निरोप गेलेला असताना, एकाही होडीने जागची हलू नये हे शक्यच नव्हतं. होड्या थांबल्या नव्हत्या. आमचा नकाशा थांबला होता.

आमच्या खारशी बंदरातल्या नव्वदेक ट्रॉलरवर सोसायटीने पेट्या बसवल्या होत्या. केबिनच्या टपावरची ही पेटी उपग्रहामार्फत आपलं ठिकाण कळवायची, ते ऑफिसातल्या सर्व्हरवर उतरायचं आणि तिथून घरोघरच्या मोबाइलवर दिसायचं. निळा समुद्र आणि त्यात ठिपके. कॉम्प्युटर शिकलेली बंदरातली मी एकटी, म्हणून तो सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. पगार सोसायटीचा आणि शिव्या सगळ्या बंदराच्या.

नकाशा आल्यावर बायकांनी त्याचा एक नेमच करून टाकला. होडी सुटली की नकाशा उघडायचा आणि ती परत धक्क्याला लागेपर्यंत मिटायचा नाही. कोणी सुरू केलं देव जाणे. एकीने मध्येच मिटला आणि त्याच फेरीत तिच्या दिराची बोटं जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडली, एवढं कारण पुरलं. मग भाकऱ्या थापताना मोबाइल फळीवर, झोपताना उशाशी, चार्जर सदाचा लावलेला. मी हसायचे. आईला म्हणायचे, “आये, बाबांका काय बालवाडीत घातलंस? इतक्या लक्ष कित्याक?” ती म्हणायची, “तुका घोव झालो काय कळतला.”

मी सर्व्हरच्या पडद्याकडे वळले. एकच ओळ पुन्हा पुन्हा खाली सरकत होती: जोडण्या फार झाल्या, नवी घेता येत नाही. ही ठिकाणं साठवणाऱ्या आमच्या डेटाबेसमध्ये एका वेळी दीडशेच्या आसपास जोडण्या मावत. उघडा नकाशा म्हणजे एक जोडणी. एरवी ते पुरायचं. पण वादळ उलटं फिरल्याची बातमी सकाळी टीव्हीवर आली आणि गावच्या बायकांबरोबर मुंबईतले भाऊ, गोव्यातल्या बहिणी, पुण्यात शिकणारी पोरं, सगळ्यांनी नकाशा उघडला होता. आणि उघडलेला कोणी मिटणार नव्हतं. पेटीला जोडणी हवी असायची ती एका क्षणापुरती. तेवढीही मिळत नव्हती. पेट्या येत होत्या, दार बंद बघून परत जात होत्या आणि काही मिनिटांनी पुन्हा येत होत्या.

म्हणजे होड्यांची वाट होड्यांच्याच माणसांनी अडवली होती. नुसतं बघून.

“काय झाला?” आईने विचारलं.

“काय नाय. करतंय मी. तू भायर बस.”

ती बाहेर गेली आणि धुरतअण्णा आत आले. अण्णा सोसायटीचे चेअरमन, सहसा आवाज न चढवणारे. तोंडातलं पान त्यांनी कधी थुंकलं होतं कोण जाणे, ओठ नुसते लाल होते.

“वृंदा, वायरलेसवर ‘सातेरी प्रसाद’ इलो.”

‘सातेरी प्रसाद’ म्हणजे आमची होडी. बाबा तिचे तांडेल, म्हणजे कप्तान, आणि त्यांच्या हाताखाली सात खलाशी.

“काय म्हणाले?”

“इंजिन बंद. होडी पाणी घेता, म्हणालो तुझो बापूस. जागा सांगूक गेलो आणि आवाज तुटलो. मगे काय नाय.” अण्णांनी फोन माझ्यापुढे केला. “तटरक्षक दलाचा जहाज भायर पडला हा. तेंका जागा होयी.”

पलीकडचा अधिकारी तरुण असावा. शांतपणे बोलत होता, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. “मॅडम, तुमच्या सिस्टिममधली त्या बोटीची पोझिशन सांगा.”

मी सांगितली.

“ही सकाळची आहे. मला आत्ताची हवी. वारा आणि प्रवाह बघता बोट कुठल्या कुठे गेली असेल. थोड्या वेळात आम्हाला ठरवावं लागेल, दक्षिणेला वळायचं की सरळ जायचं. चुकीच्या बाजूला गेलो तर परत फिरेपर्यंत अंधार पडेल.”

“देते,” मी म्हणाले. देणार कुठून ते मला ठाऊक नव्हतं.

 पासवर्ड दोनदा चुकला. डेटाबेसवाल्यांनी एक शहाणपणा केलेला असतो: सगळ्या जागा भरल्या तरी एक जास्तीची जागा, फक्त त्याची देखभाल करणाऱ्यासाठी. त्या जागेवरून मी आत शिरले. आधी सरळ उपाय केला, होत्या तेवढ्या जोडण्या तोडल्या. पापणी लवायच्या आत त्या पुन्हा भरल्या, कारण मोबाइल दर सेकंदाला दार ठोठावत होते आणि पेट्या दर काही मिनिटांनी. दोघांना वेगळं करावं तर तेही जमेना. होड्या आणि मोबाइल दोघंही पुण्याच्या ज्या कंपनीने ॲप बनवलं तिच्यामार्फत एकाच नावाने आत यायचे. कंपनीचा फोन वाजून वाजून बंद पडत होता.

मग मी जोडण्यांची मर्यादा वाढवली. दीडशेच्या ठिकाणी सहाशे. हे चालू डेटाबेसमध्ये करता येतं. केलं, आणि दार उघडलं. एक ट्रॉलर आली, दुसरी आली, तिसरी आली.

“इलो! ‘जय महापुरुष’ इलो!” बाहेरून कोणीतरी ओरडलं. शेजारच्या लिलावाच्या शेडमध्ये जमलेल्या बायकांत गलका झाला.

बाबांच्या पेटीची फेरी यायची होती. मी पडद्याला डोळे लावून बसले. आणि वेगळीच ओळ खाली सरकायला लागली: उघडलेल्या फायली फार झाल्या.

अण्णांना मी काय सांगणार होते! सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतो त्यात प्रत्येक कामाला एका वेळी किती फायली उघड्या ठेवायच्या याची मर्यादा असते, आणि प्रत्येक जोडणीसुद्धा त्यात एक फाइल म्हणूनच मोजली जाते. मी माणसं आत घेतली, पण त्यांचं काम करायला हात नव्हते. होड्या आत येत होत्या आणि त्यांनी आणलेलं ठिकाण लिहायला डेटाबेसला वहीच उघडता येत नव्हती.

“आता?” अण्णा म्हणाले.

“फायलींची मर्यादा वाढवायची. पण त्यासाठी डेटाबेस बंद करून परत चालू करावा लागेल.”

“परत चालू होतलो मां?”

त्यांनी विचारायला नको होतं. तो डेटाबेस आदल्या वर्षापासून बंद झालेला नव्हता. बंद केलेली जुनी ट्रॉलर कधी कधी पुन्हा सुरूच होत नाही, हे बंदरावर सगळ्यांना माहीत असतं आणि मशीनच्या बाबतीत मलाही माहीत होतं. मी मर्यादांची फाइल उघडली, नवा आकडा लिहिला, दोनदा वाचला आणि डेटाबेस बंद केला.

नकाशे कोरे झाले. शेडमध्ये रडण्याचा जो आवाज उठला, तो मी आजपर्यंत विसरलेले नाही. त्यांना वाटलं, होड्या गेल्या. एक नाही, सगळ्या. मला उठून बाहेर जाऊन सांगायचं होतं, पण मशीन सोडवेना. पडद्यावर डेटाबेस आपला एकेक तक्ता तपासत होता, सावकाश, पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा.

तो उठला. मला हायसं वाटलं. जोडण्या बघितल्या आणि ते हायसंही गेलं. सहाशे सांगितल्या होत्या, दिल्या होत्या दोनशे चौदा. त्या दोनशे चौदाही एव्हाना मोबाइलनी भरून टाकल्या होत्या. पेट्या पुन्हा दाराबाहेर.

मी डेटाबेसने केलेली नोंद वाचायला घेतली. तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं: सहाशे मागितल्या, पण तेवढ्या फायली उघडायची परवानगी नाही, म्हणून दोनशे चौदा. मी आकडा वाढवला होता तो लॉगिन करून येणाऱ्या माणसांसाठी. डेटाबेस माणसासारखा लॉगिन करून येत नाही. त्याला सिस्टिम उठवते, आणि ती आपल्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेली मर्यादाच त्याला देते. या चुकीत शिकलीसवरलेली माणसं रोज पडतात. पण रोज त्यांचा बाप समुद्रात नसतो.

“आणखी एकदा बंद-चालू करावा लागेल,” मी म्हणाले.

“नाय.” अण्णांनी माझा खांदा धरला. “आत्ता किती वेळ खाल्ल्यान बघलंस? आणि उठलोच नाय तर? बाकीच्या होड्यांका खय शोधूचा?”

फोनवर तो अधिकारी होताच. “मॅडम, आम्ही वळायच्या जागेवर पोचतोय. तुमच्याकडून काही नसेल तर मी सकाळच्या पोझिशनवरून अंदाज धरतो.”

“थांबा,” मी म्हणाले. “दोन मिनिटं थांबा.”

“जहाज थांबत नाही, मॅडम.”

मी उठले. फोन अण्णांच्या हातात दिला आणि लिलावाच्या शेडमध्ये गेले. पन्नास-साठ बायका बर्फाच्या रिकाम्या क्रेटांवर बसल्या होत्या. नकाशा परत आल्यामुळे रडं थांबलं होतं आणि प्रत्येकीचं तोंड मोबाइलमध्ये होतं. वाऱ्याने पत्रे दणदणत होते. मी ओरडूनच बोलले.

“नकाशे बंद करा! सगळ्यांनी! तुमी बघतास म्हणान होड्यांका जागा नाय. तुमचे मोबाइल आत बसलेत आणि होड्यो भायर रवल्यो. बंद करा, म्हणजे त्यो येतल्यो!”

कोणी हललं नाही. मला वाटतं, काहींना ते कळलंच नाही. ज्यांना कळलं त्यांनी मोबाइल छातीशी धरला.

शालनकाकी उठली. तिचा एकुलता मुलगा ‘जय महापुरुष’वर होता आणि मघाशी त्याचा ठिपका हललेला तिने डोळ्यांनी बघितला होता. “माझो झील आत्ता दिसलो,” ती म्हणाली. “आणि तू म्हणतंस बंद कर? तुझ्या बापाशीची होडी बुडता, ह्या आमका अण्णांनी सांगल्यानी. तुझ्या बापाशीसाठी आमी डोळे मिटून बसूचा?”

“काकी, तसा नाय...”

“मगे कसा? मगाशी तू कायतरी केलंस आणि सगळ्या होड्यो गेल्यो. आता परत बंद करूक सांगतंस. मी मिटलंय आणि तेका काय झाला, तर तू देतलंस माझो झील?”

 ती चुकीचं काही बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही मोबाइल सोडला नसता. दुसऱ्या दोघी तिच्या बाजूने बोलायला लागल्या, कोणीतरी म्हणालं की शिकलेल्यांना नेमाचं काय पडलंय. आत अण्णांच्या हातात फोन होता आणि ते जहाज वळायच्या जागेवर पोचत होतं.

आई खांबाला टेकून उभी होती. तिने मला विचारलं, अगदी हळू, “माझ्या एकटीच्या मोबाइलची पण जागा धरलेली आसा?”

“होय.”

“तेच्या जागेर एक होडी येयत?”

“येयत.”

तिने मोबाइलकडे बघितलं. बाबांचा ठिपका सकाळच्या जागी होता, खोटा, पण होता. लग्न झाल्यापासून हा माणूस समुद्रावर गेला की ती नुसती वाट बघायची, आणि गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिला दिसायला लागला होता. तिने अंगठ्याने नकाशा मिटला. मग बटण दाबून मोबाइलच बंद केला आणि तो काळा पडदा शालनकाकीपुढे धरला.

“माझो घोव सगळ्यांत लांब आसा,” आई म्हणाली. “तेच्या होडीत पाणी शिरता. पयलो माझो बंद. आता तू बोल, शालन.”

शालनकाकीने आईकडे बघितलं.  मग तिने स्वतः काही केलं नाही, मोबाइल आईच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. तो आईने बंद केला.

त्यानंतर बायका एकेक करून पुढे आल्या. कोणी स्वतः मिटला, कोणाला तेवढं बघवेना म्हणून तिने दुसरीला मिटायला लावला. काही जणी देवाचं नाव घेत होत्या. पराडकरांच्या सुनेने मिटायच्या आधी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मग फोनाफोनी सुरू झाली. बंद केलेले मोबाइल नुसत्या बोलण्यापुरते पुन्हा चालू झाले. “मुंबैक सांग!” “तुझ्या भावाशीक सांग, कापून टाक म्हणान!” “अगो, बघू नको, बघू नको म्हणतंय ना!” अण्णांनी लिलावाचा भोंगा चालू करून वाडीभर ओरडून सांगितलं. समुद्रावर माणूस असताना त्याच्याकडे बघू नका, असं सांगणारा दिवस आमच्या बंदराने कधी पाहिला नव्हता.

मी आत पळाले. पडद्यावरचा आकडा उतरत होता. सावकाश उतरला, अडला, मग भसकन खाली आला. पहिली पेटी आत शिरली. पेट्यांना आत घेतलं नाही तर त्या आपली ठिकाणं साठवून ठेवतात आणि दार उघडलं की सगळी एकदम ओततात. एकेका होडीची सकाळपासूनची वाट माझ्यासमोर उमटत गेली. ‘जय महापुरुष’ बंदरापासून जवळच होती. येरागींची होडी तिच्या मागे. मी ‘सातेरी प्रसाद’ शोधत होते, ती येत नव्हती. पेटी पाण्याखाली गेली असेल तर येणारही नव्हती, हे मला कळत होतं आणि अण्णांनाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मग ती आली. सकाळच्या जागेपासून एक लांबलचक रेघ निघाली, थोडी पश्चिमेला, नंतर वळून सरळ दक्षिणेला, आणि शेवटचा ठिपका निवतीच्या खडकांच्या रोखाने. मी फोनवर अक्षांश-रेखांश वाचले. अधिकाऱ्याने ते परत म्हणून दाखवले.

“दक्षिण,” तो म्हणाला. “आम्ही सरळ चाललो होतो.” आणि फोन बंद झाला.

सगळ्या होड्यांची ठिकाणं आल्यावर मी अण्णांना न विचारता डेटाबेसच्या स्वतःच्या फाइलमध्ये मर्यादा लिहिली आणि तो परत बंद-चालू केला. या वेळी सहाशे म्हणजे सहाशेच मिळाल्या. शेडमध्ये जाऊन मी म्हणाले, “आता उघडा. सगळ्यांक जागा आसा. कोणाची वाट अडाची नाय.”

एकीनेही उघडला नाही. होड्या एकामागून एक खाडीत शिरायला लागल्या, आणि ज्यांची आली त्या धावत धक्क्यावर गेल्या, पण बाकीच्या तशाच बसून राहिल्या. मी आईजवळ बसले.

“आये, बघ तरी. जहाज खय पोचला ता दिसात.”

“नको.”

“आता बघितल्यान काय बिघडाचा नाय.”

“माका ठावक आसा.” तिने मोबाइल ओच्यात बांधला होता, त्याची गाठ तिने हाताने चाचपली. “तरी नको.”

मी ऑफिसात बसून बघत राहिले आणि काय दिसतंय ते तिला सांगायला गेले नाही, कारण बाबांचा ठिपका एका जागी थांबला होता आणि थांबण्याचे अर्थ दोन असतात. ती शेडमध्येच बसून राहिली. इतकं घाबरलेलं माणूस इतकं स्वस्थ बसलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर जहाजाने त्यांना धक्क्यावर उतरवलं. आठच्या आठ. ‘सातेरी प्रसाद’ गेली होती. खडकांवर आपटायच्या थोडं आधी त्यांना काढलं, असं तो अधिकारी म्हणाला. बाबांच्या अंगावर जहाजावरचा कोणाचा तरी सदरा होता, आखूड, आणि त्यात ते ओळखूच येत नव्हते. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. चारचौघांत हात धरायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून दोघंही हात खाली सोडून उभे होते.

“खलाशी पोरां रडाक लागली रात्री,” बाबा म्हणाले. घसा पार बसला होता. “होडयेवरसून उड्यो मारतंव म्हणाक लागली. मी म्हटलंय, गप बसा. माझी बायल नकाशा उघडून बसली आसतली. ती बघता हा तोपर्यंत आपणाक काय जावचा नाय.” ते थोडे हसले. “बघी होतंस मां?”

आईने नकारार्थी मान हलवली.

“बघूक नाय,” ती म्हणाली. “म्हणान तर गावलात.”

बाबांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काही सांगेन म्हणून. मला सांगता आलं नाही, कारण तेव्हा कुठे मला रडू फुटलं होतं.